रेसलिंग बघायला लागलात? मग ‘सगळं खोटं असतं’ हे ऐकायची तयारी ठेवा

बारा-तेरा वर्षांचा असेन. टीव्हीसमोर मांडी ठोकून रेसलिंग बघत होतो. मागून काकांनी विचारलं, “अरे, तो बुक्की मारताना दर वेळी पाय का आपटतो?” मी म्हणालो, “जोर यावा म्हणून.” काका हसले. “जोर नाही रे, आवाज यावा म्हणून.”

पुढची पाच मिनिटं मी फक्त त्या पायाकडे बघत बसलो. काका बरोबर होते. मूठ कपाळाला जेमतेम टेकत होती आणि धप्प आवाज बुटाचा होता. एकदम फसवल्यासारखं वाटलं. काही महिने मी रेसलिंगचं नावही काढलं नाही.

परत वळलो तोही त्याच पायामुळे. हजारो लोक बघताहेत, कॅमेरा हाताच्या अंतरावर आहे, आणि एक माणूस हात, पाय अन् चेहरा असा काही जुळवतो की काकांनी बोट ठेवेपर्यंत मला तो बूट दिसलाच नव्हता. हे जमायला काय लागत असेल? तेव्हापासून बघतोय. या काळात ‘अजून ते खोटं-खोटं बघतोस?’ हा प्रश्न इतक्या वेळा झेलला आहे की नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असं वाटलं.

पहिली पायरी: मान्य करून मोकळे व्हा

निकाल आधी ठरलेला असतो. कोण जिंकणार, शेवट कोणत्या डावावर होणार, विजेतेपदाचा पट्टा कोणाच्या कमरेला जाणार, हे सगळं पडद्यामागे ठरतं. यावर वाद घालू नका, हराल.

आणि हे गुपित उरलेलंही नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ या रेसलिंगच्या बड्या कंपनीनं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनं, कबूल केलं की आमचे सामने ही खरी स्पर्धा नाही, प्रेक्षकांचं मनोरंजन आहे. सत्य बोलायची हुक्की आली म्हणून नव्हे. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर पाठीशी लागतात, मनोरंजन म्हटलं की सुटका होते. व्यवहार होता तो.

त्याआधी मात्र झाकपाक कडेकोट होती. या झाकपाकीला धंद्यात ‘केफेब’ म्हणतात. नायक आणि खलनायक एका गाडीतून प्रवास करत नसत, चारचौघांत एकत्र दिसत नसत. डिसेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉन स्टोसेल या टीव्ही पत्रकारानं डेव्हिड शुल्ट्झ या पैलवानाला तोंडावर सांगितलं की मला हे खोटं वाटतं. शुल्ट्झनं त्याच्या एका कानावर ठेवून दिली, तो उठल्यावर दुसऱ्या. कॅमेरा चालू होता. गुपित सांभाळायची ही पद्धत आज अर्थातच वापरू नका.

मुळात हे असं का झालं, तेही माहीत असू द्या. १९०८ मध्ये शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट यांची कुस्ती दोन तास चालली होती. दोन तास! खऱ्या झटापटीत बराचसा वेळ दोघे एकमेकांना धरून उभे किंवा आडवे असतात, आणि लांबच्या खुर्चीवरून त्यातलं काहीच कळत नाही. १९२० च्या दशकात आयोजकांनी सामने आखूड केले, उड्या आणि फेकाफेकी वाढवली, निकाल ठरवून घेतले. गर्दी टिकली ती त्यामुळे.

आपल्या भाषेत ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आहे आणि टोमणा मारणारे तो हमखास वापरतात. पण नुरा कुस्तीत लढत खरी आहे असं भासवून बघणाऱ्याला गंडवलेलं असतं. इथे बघणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, तरी तो तिकीट काढून येतो. गंडवलं गेलेलं कोणीच नाही, मग फसवणूक कोणाची झाली?

म्हणून उत्तर छोटं ठेवा: “हो, निकाल ठरलेला असतो, माहीत आहे मला.” एवढ्यावर बहुतेकांचा दारूगोळा संपतो. ‘तुला माहीत नाहीये’ या गृहीतकावरच त्यांचं सगळं भाषण उभं असतं.

दुसरी पायरी: ‘पण त्यांना खरंच लागतं!’ हे हत्यार जपून वापरा

नवा चाहता पहिल्यांदा हेच म्हणतो, आणि ते खोटं नाही. रिंग म्हणजे गादी नव्हे. लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कापड. पाठीवर पडण्याचं तंत्र असतं: हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही, आणि पाठीचा वरचा भाग व दोन्ही हात एकदम जमिनीला लागले पाहिजेत म्हणजे धक्का पसरतो. या पडण्याला ‘बम्प’ म्हणतात. नवशिक्याचे सुरुवातीचे दिवस यातच जातात. धक्का पसरतो, नाहीसा होत नाही.

दाखले हवे असतील तर भरपूर आहेत. २८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरनं मिक फोलीला रिंगभोवती उभारलेल्या सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून खालच्या टेबलावर फेकलं. ते ठरलेलं होतं. फोली परत वर चढला आणि या वेळी टपाची जाळीच तुटून तो थेट रिंगमध्ये कोसळला. ते ठरलेलं नव्हतं. मे २००१ मध्ये सामना चालू असताना ट्रिपल एचच्या मांडीचा स्नायू फाटला. त्यानं सामना पुरा केला, आणि परतायला त्याला पुढचं वर्ष उजाडलं.

पण माझं मत विचाराल तर हा मुद्दा लंगडा आहे. दुखापत झाली म्हणजे या कलेत काहीतरी चुकलं. समोरच्याला उचलून आपटताना त्याची मान तुमच्या हातात असते, आणि ती त्यानं विश्वासानं दिलेली असते. रात्री तो धडधाकट घरी गेला तर तुम्ही कसलेले. १९९७ मध्ये ओवेन हार्टच्या एका चुकलेल्या डावानं स्टीव्ह ऑस्टिनच्या मानेला जबर इजा झाली आणि पुढे त्याची कारकीर्द लवकर संपण्यात तिचा मोठा वाटा होता. तोच ओवेन हार्ट मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत छतावरून रिंगमध्ये उतरण्याच्या कसरतीत पडून गेला. असली उदाहरणं वादात हुकमाच्या पानासारखी टाकणारे चाहते मी पाहिले आहेत. तसं करू नका. रक्त दाखवून एखादी गोष्ट खरी ठरवायची गरज पडत असेल, तर आपण तिला आधीच खोटं मानलेलं असतं.

तिसरी पायरी: दहाएक शब्द शिका

शब्द आले की नजर येते. चांगल्या माणसाच्या भूमिकेतला तो ‘फेस’, दुष्ट तो ‘हील’. एकाचा दुसरा झाला की ‘टर्न’. मार लागल्यासारखं दाखवणं म्हणजे ‘सेल’ करणं. गुडघ्यावर घाव बसलेला पैलवान दहा मिनिटांनंतरही लंगडत असेल तर तो सेल नीट करतोय. मध्येच विसरून धावायला लागला तर प्रेक्षक माफ करत नाहीत. एन्ट्रीला उसळणारा जल्लोष म्हणजे ‘पॉप’, हीलला मिळणारा संताप म्हणजे ‘हीट’. डाव फसला की ‘बॉच’. ठरवून केलेलं ते ‘वर्क’, ठरल्याबाहेरचं, खरंखुरं ते ‘शूट’. माइक हातात घेऊन केलेलं भाषण म्हणजे ‘प्रोमो’, आणि ते न जमल्यामुळे अंगानं उत्तम असलेले कितीतरी पैलवान खालच्या फळीतच राहिले.

हे शब्द बाहेरच्यांसमोर फेकू नका मात्र. समोरचा आधीच वैतागलेला असतो.

चौथी पायरी: सुरुवात एकाच सामन्यानं करा

आठवड्याच्या दोन-तीन तासांच्या कार्यक्रमापासून सुरुवात केलीत तर कंटाळाल. त्यात मागचे संदर्भ, जाहिराती आणि भांडणं जास्त, कुस्ती कमी. त्याऐवजी एक जुना, नावाजलेला सामना निवडा.

मी नेहमी सुचवतो तो २३ मार्च १९९७ चा, रेसलमेनिया १३ मधला (रेसलमेनिया म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. एकानं हार कबूल करेपर्यंत लढायचं, अशी अट. आत येताना हार्ट सज्जन आणि ऑस्टिन उर्मट, शिवराळ. शेवटाकडे हार्ट आपल्या ठेवणीतल्या ‘शार्पशूटर’ डावात ऑस्टिनचे पाय अडकवून मागे वाकतो. ऑस्टिनचं कपाळ फुटलेलं, रक्त दातांच्या फटींपर्यंत आलेलं. तो ओरडतो, हातांवर उठू बघतो, पण हार मानत नाही. शेवटी शुद्ध हरपते आणि पंच सामना थांबवतो. जिंकलेला हार्ट पडलेल्या माणसाला मारतच राहतो. ऑस्टिन उठतो, कुणाचा आधार घेत नाही, लंगडत स्वतःच्या पायांनी बाहेर जातो. लोक कोणासाठी ओरडताहेत ते नीट ऐका. वीस-बावीस मिनिटांत दोघांच्या जागा बदललेल्या असतात, आणि हे कोणी माइकवरून सांगितलेलं नसतं.

हा सामना तीनदा बघा. पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त अंगं बघा: कोण कोणाला सावरतोय, पडणाऱ्याचा हात कुठे आहे, उचलला जाणारा स्वतः किती उडी घेतोय. (उडी दोघांची असते. शंभर किलोचा माणूस नुसत्या दंडाच्या जोरावर असा हवेत जात नाही.) तिसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून फक्त गर्दी ऐका.

हळूहळू बारकावे दिसायला लागतील. मानेला विळखा घालून दोघे बराच वेळ खाली बसले की बाहेरचा म्हणतो, ‘बघ, वेळ काढताहेत.’ बरोबर, दम खाताहेत. पण चेहरा केसांत किंवा दंडात लपवून पुढचे डावही तिथेच एकमेकांना सांगितले जातात. बहुतेकदा शेवट पक्का असतो आणि मधलं बरंचसं गर्दीचा रंग बघून तिथल्या तिथे जुळवलं जातं. काही जण मात्र सगळं घोटून येतात. रँडी सॅव्हेज त्यासाठी प्रसिद्ध होता, आणि १९८७ च्या रेसलमेनियात रिकी स्टीमबोटबरोबर त्यानं केलेला सामना अशाच तयारीतून आला. पंचावरही लक्ष ठेवा. किती वेळ उरला हे तोच त्यांच्या कानावर घालत असतो. आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली, तर कोणाला तरी खरंच लागलंय.

पाचवी पायरी: जे ठरलेलं नसतं ते शोधा

माझ्या लेखी सगळा मामला इथे आहे. निकाल ठरवता येतो, डाव ठरवता येतात. हजारो लोकांना काय वाटेल ते ठरवता येत नाही.

६ एप्रिल २०१४, न्यू ऑर्लिन्स, रेसलमेनिया ३०. एकाच रात्री याची दोन टोकं दिसली. डॅनियल ब्रायन हा चणीनं लहान, दाढीवाला, कमालीचा कुशल पैलवान. डब्ल्यूडब्ल्यूईच्या मनात त्या रात्रीच्या मुख्य सामन्यासाठी रँडी ऑर्टन आणि बटिस्टा होते. जानेवारीत रॉयल रम्बल (अनेक पैलवानांची एकत्र लढत, जिंकणाऱ्याला रेसलमेनियात पट्ट्यासाठी लढायची संधी) बटिस्टाला जिंकून दिली, तर प्रेक्षकांनी नायक म्हणून आणलेल्या त्या माणसाची हुर्यो उडवली. जिथे तिथे ब्रायनसाठी ‘येस, येस’चा गजर. अखेर कथा बदलावी लागली. रेसलमेनियात ब्रायन आधी ट्रिपल एचला हरवून मुख्य सामन्यात शिरला, मग ऑर्टन आणि बटिस्टा दोघांनाही मागे टाकून पट्टा घेऊन गेला. हा निकाल ठरवला कोणी? कागदावर कंपनीनं. पण कंपनीच्या हाताला धरून तो गर्दीनं लिहून घेतला.

आणि त्याच रात्री अंडरटेकर हरला. रेसलमेनियात २१ सामने, २१ विजय. ब्रॉक लेसनरनं ती मालिका तोडली. अंडरटेकरचे खांदे जमिनीला टेकलेले, पंचाचा हात तिसऱ्यांदा पडला, म्हणजे सामना संपला, आणि क्षणभर काही वाजलंच नाही. पडद्यावर २१-१ असा आकडा आला तेव्हा कॅमेऱ्यानं प्रेक्षकांचे चेहरे टिपले: उघडी तोंडं, डोक्याला लावलेले हात. त्या सगळ्यांना रेसलिंग ठरवून होतं हे माहीत होतं. एकालाही त्याचा उपयोग झाला नाही.

तिसरं उदाहरण विचित्र आहे. ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. ब्रेट हार्ट कंपनी सोडून चालला होता आणि आपल्याच देशात पट्टा गमवायला तयार नव्हता. सामना कसा संपणार हे त्याला सांगितलं होतं एक, घडलं भलतंच: शॉन मायकेल्सनं शार्पशूटर लावला आणि हार्टनं हार मानलेली नसताना मालक विन्स मॅकमॅननं घंटा वाजवायला लावली. ठरलेल्या खेळात खेळाडूच फसला. याला खरं म्हणायचं की खोटं, यावर चाहते आजही तावातावानं भांडतात. तुम्हीही भांडा, मजा येते.

सहावी पायरी: एका दुकानात अडकू नका

हे थोडक्यात सांगतो, कारण शोधण्यातच अर्धा आनंद आहे. अमेरिकी झगमगाट मानवत नसेल तर जपान बघा. न्यू जपान आणि ऑल जपान या दोन्ही कंपन्या १९७२ च्या. तिथे मार जास्त टणक, बडबड कमी. मेक्सिकोत १९३३ पासून चालत आलेली सीएमएलएल ही कंपनी आहे. तिथे मुखवटा म्हणजे इज्जत, आणि मुखवटा पणाला लावून हरलेल्याला तो सगळ्यांसमोर उतरवावा लागतो. एल सांतो हा तिथला दैवतासमान पैलवान १९८४ मध्ये वारला तेव्हा त्याला मुखवट्यासकट पुरलं. अमेरिकेतच २०१९ मध्ये आलेली एईडब्ल्यू ही कंपनी आहे. बायकांची कुस्ती म्हणजे मध्यंतर, असं कोणी सांगितलं तर ऑगस्ट २०१५ चा साशा बँक्स विरुद्ध बेली हा ब्रुकलिनचा सामना लावून द्या आणि गप्प बसा.

सातवी पायरी: माणूस बघून उत्तर द्या

टोमणे मारणारे सगळे सारखे नसतात. मित्र चिडवायला म्हणतो, त्याला हसून सोडा. वडीलधारे म्हणतात ते बहुधा ‘वेळ वाया घालवतोस’ या अर्थानं. त्यांच्याशी तंत्रावर बोलून उपयोग नाही, वेळेवर बोला. काही जण मात्र खरंच कुतूहलानं विचारतात: “ठरलेलं असतं, मग बघतोस काय?” अशा माणसाला मी उलट विचारतो की नाटकाला जाताना तुम्ही नायक खरोखर मरेल या आशेनं जाता का. मग त्याला पायाची गोष्ट सांगतो. ऐकल्यावर बहुतेक जण पुढच्या बुक्कीला बूट शोधतात, आणि बूट शोधायला लागलेला माणूस निदान तो सामना संपेपर्यंत तरी उठत नाही.

सगळ्यात वैताग आपल्यातल्याच एका जातीचा: ज्याला आतल्या सगळ्या बातम्या ठाऊक असतात आणि जो एन्ट्रीचं संगीत वाजायच्या आतच ‘हा हरणार, याचा करार संपतोय’ म्हणून मोकळा होतो. खोटं म्हणणाऱ्यापेक्षा तो जास्त रसभंग करतो. तसे होऊ नका.

आणि लहान मूल शेजारी बसून बघत असेल तर त्याला खरं सांगा. ते एकमेकांना सांभाळतात, वर्षानुवर्षं शिकतात, आणि गादीवर भावंडाला असं उचलायचं नाही, हे स्पष्ट सांगा. डोक्यावर खुर्ची मारणं तर डब्ल्यूडब्ल्यूईनंसुद्धा २०१० मध्ये बंद केलं.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिला मी ३० मार्च २००८ चा सामना दाखवत होतो, रिक फ्लेअर विरुद्ध शॉन मायकेल्स. फ्लेअर हरला तर त्याची कारकीर्द संपणार, ही अट. (पुढे तो दुसरीकडे परत उतरला, ते सोडा.) शेवटी साठीला टेकलेला फ्लेअर मुठी वळून उभा असतो, डोळे भरलेले, ‘ये, मार’ म्हणतो. समोर मायकेल्स. तोही रडवेला. त्याचे ओठ हलतात: मला माफ कर, माझा जीव आहे तुझ्यावर. मग लाथ.

भाचीनं विचारलं, “मामा, हे ठरलेलं होतं?”

“लाथ ठरलेली होती.”

“आणि रडणं?”

मी रिमोट शोधायला लागलो. ती म्हणाली, “थोडं मागे घे. ओठ परत बघायचेत.”